भिंतीवरच्या कागदातले गरम पाणी: जपानी ओनसेन समजून घेताना

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्यावर चालणाऱ्या कोणत्याही स्नानगृहात गेले, की कपडे बदलायच्या खोलीत, बहुधा आरशाशेजारी किंवा वजनकाट्याच्या वरच्या बाजूला, चौकटीत बसवलेला एक कागद भिंतीवर दिसतो. त्यावर बारीक अक्षरांत आकड्यांचे तक्ते असतात: उगमापाशी पाण्याचे तापमान किती, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा) किती, सोडियम, कॅल्शियम, लोह, गंधक किती मिलिग्रॅम, पाणी तपासले केव्हा आणि कोणी. परदेशी पाहुणे त्याच्याकडे पाठ करून टोपलीत कपडे ठेवतात आणि आत जातात. मीही पहिली काही वर्षे तेच केले. जपानमधील प्रवास आणि आरोग्य या विषयांवर लिहिताना 'निसर्गाच्या कुशीतले स्नान' असे गोड शब्द वापरणे सोपे असते. परंतु जपानी लोक ज्या पाण्याला ओनसेन म्हणतात ते पाणी खरोखर काय आहे, हे त्या गोड शब्दांपेक्षा भिंतीवरचा तो रूक्ष कागद कितीतरी अधिक सांगतो, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

'ओन' म्हणजे ऊन, 'सेन' म्हणजे झरा. शब्द सरळ आहे, पण त्याचा अर्थ कायद्याने बांधलेला आहे. 1948 साली जपानने ओनसेनसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार जमिनीतून वर येणाऱ्या पाण्याला, वाफेला किंवा वायूला ओनसेन म्हणवून घेण्यासाठी दोनपैकी एक अट पुरी करावी लागते. एक तर उगमापाशी तापमान 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक असावे, नाहीतर कायद्याला जोडलेल्या यादीतील 19 घटकांपैकी निदान एक तरी ठरलेल्या प्रमाणात त्यात असावा. उदाहरणार्थ, एक किलो पाण्यात विरघळलेले पदार्थ एकूण 1000 मिलिग्रॅम असतील, किंवा मुक्त कार्बन डायऑक्साइड 250 मिलिग्रॅम असेल, किंवा लोह 10 मिलिग्रॅम असेल, तरी पुरते.

या व्याख्येतून निघणारी गोष्ट बहुतेकांना चकित करते. 25 अंश म्हणजे हाताला जेमतेम कोमट. वैशाखात आपल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी याहून कितीतरी अधिक तापलेले असते. शिवाय दुसरी अट पुरी होत असेल, तर उगमापाशी थंडगार असलेले पाणीसुद्धा ओनसेन ठरते. ते वर काढून बॉयलरवर तापवले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यात काही खोट नाही. त्यामुळे दारावर 'ओनसेन' अशी पाटी आहे एवढ्यावरून आतल्या पाण्याविषयी फारसे काही कळत नाही. ज्याला कळून घ्यायचे आहे त्याने कागद वाचायचा.

आता हे पाणी तापते कसे, ते पाहू. जपानमध्ये 111 जागृत ज्वालामुखी आहेत आणि देशातील अनेक नामांकित ओनसेन त्यांच्या कुशीत आहेत. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून खाली उतरते, खोलवरच्या तप्त शिलारसाच्या आसपास तापते, तिथून निघणारे वायू आणि खडकांतले क्षार स्वतःत विरघळवून घेते आणि दाब मिळाला की वर येते. अशा ठिकाणी गंधकाचा वास असतो, पाणी आंबट असते, आणि जमिनीच्या फटींतून वाफ निघत असते. क्यूशू बेटावरील बेप्पू शहरात तर दोन हजारांहून अधिक उगम आहेत. थंडीच्या सकाळी गावभर घरांच्या मधून पांढऱ्या वाफेचे खांब उभे राहिलेले दिसतात.

परंतु ज्वालामुखी ही अट मुळीच नाही. जमिनीत खोल गेले की साधारणपणे दर शंभर मीटरला तापमान तीन अंशांनी वाढते. म्हणजे हजार-दीड हजार मीटर खोल विंधनविहीर घेतली आणि तिला पाणी लागले, तर ते बहुतेक ठिकाणी 25 अंशांच्या वर असणारच. शहरांमधील अनेक नवी ओनसेन अशा विंधनविहिरींवर चालतात. टोकियोच्या ओता विभागात तर काळ्या चहासारखे गडद पाणी निघते. प्राचीन काळी गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या कुजण्यातून तो रंग आलेला आहे. कोबे शहराजवळील अरिमाची गोष्ट आणखी निराळी. तिथे जवळपास ज्वालामुखी नाही आणि समुद्रही डोंगरापलीकडे आहे, तरी पाणी समुद्राच्या पाण्याहून खारट आणि अतिशय गरम निघते. फिलिपीन समुद्राखालचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, जपानच्या खाली सरकत असताना त्याच्यासोबत खोल गेलेले पाणी तिथल्या दाबाने आणि उष्णतेने पिळून निघते आणि भेगांमधून वर येते, असे भूवैज्ञानिकांचे स्पष्टीकरण आहे. हे पाणी उगमापाशी स्वच्छ असते. हवा लागताच त्यातले लोह गंजते आणि कुंड विटकरी रंगाचे होते. अरिमाचे लोक त्याला सोन्याचे पाणी म्हणतात.

कोकणातल्या वाचकांना यातला काही भाग ओळखीचा वाटेल. आपल्याकडे अशा झऱ्यांना 'उन्हाळे' हा सुरेख शब्द आहे. राजापूरजवळचे उन्हाळे, दापोली तालुक्यातले उन्हवरे ही गावांची नावेच झऱ्यावरून पडलेली आहेत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, राजवाडी इथली कुंडेही सर्वांना ठाऊक आहेत. दख्खनचा लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षे झाली, त्यामुळे आपल्या झऱ्यांना तापवणारा ज्वालामुखी आज कुठेही नाही. भेगांतून खोल उतरलेले पाणी भूगर्भाच्या उष्णतेने तापून परत येते, एवढेच.

कागदावरची सर्वांत महत्त्वाची ओळ म्हणजे पाण्याचा प्रकार. कायद्याने ओनसेन ठरलेल्या पाण्यातूनही उपचाराला योग्य अशा पाण्याचा वेगळा वर्ग केलेला आहे आणि त्याचे दहा प्रकार आहेत. सगळे सांगत बसण्यात अर्थ नाही. तीन-चार नीट समजले की पुरे. क्लोराइडचे पाणी म्हणजे मिठाचे पाणी. अंगावर क्षारांचा पातळ थर राहतो आणि घाम लवकर उडत नाही, म्हणून बाहेर आल्यावरही ऊब टिकते. थंड प्रदेशातले वृद्ध लोक हेच पाणी शोधत येतात. बायकार्बोनेटचे आणि एकंदरीत आम्लारीधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, पाणी त्वचेवरच्या तेलकटपणाशी मिळून साबणासारखे वागते, म्हणून अंग बुळबुळीत लागते आणि नंतर मऊ वाटते. याच पाण्यांना 'रूपवतीचे पाणी' म्हणून प्रसिद्धी दिली जाते. मात्र ते तेल धुऊन काढते, त्यामुळे कोरड्या त्वचेच्या माणसाने नंतर अंगाला काही लावावे हे बरे. कार्बन डायऑक्साइडच्या पाण्यात अंगभर बारीक बुडबुडे चिकटतात आणि पाणी फारसे गरम नसतानाही त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात.

आणि मग 'साधे' पाणी. एक किलोमागे विरघळलेले पदार्थ एक ग्रॅमहून कमी आणि तापमान 25 अंश किंवा वर, की पाणी साध्या प्रकारात जाते. हे नाव वाचून हिरमुसले होणारे प्रवासी मी पाहिले आहेत, पण साधे म्हणजे हलके नव्हे. शिकोकू बेटावरील मात्सुयामा शहरातले दोगो हे जपानच्या सर्वांत जुन्या ओनसेनांपैकी एक मानले जाते. जखमी बगळा तिथल्या पाण्यात पाय बुडवून बरा झाला, अशी त्याची आख्यायिका आहे. 1894 साली उभी राहिलेली तिथली तिमजली लाकडी इमारत सार्वजनिक स्नानगृह असूनही राष्ट्रीय वारशात गणली जाते, आणि काही वर्षे चाललेली डागडुजी पुरी होऊन 2024 मध्ये ती पुन्हा पूर्णपणे उघडली. या दोगोचे पाणी आम्लारीधर्मी साधे पाणी आहे. वेगवेगळ्या तापमानांच्या 18 उगमांचे पाणी एकमेकांत मिसळून ते अंगाला सोसेल इतके केले जाते. वरून तापवावे लागत नाही आणि नळाचे पाणीही घालावे लागत नाही. लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना हेच पाणी मानवते.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गुन्मा प्रांतातले कुसात्सू. त्याचा सामू सुमारे 2, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. पहिल्यांदा गेले तेव्हा भाजी चिरताना बोटाला झालेला बारीकसा काप मी विसरून गेले होते. हात पाण्यात बुडताच त्या कापाने स्वतःची आठवण करून दिली, आणि खोलीतल्या कागदावर 'आम्लधर्मी' हा शब्द ठळक का होता, ते मला उमगले. गावाच्या मध्यभागी 'युबाताके' म्हणजे पाण्याचे शेत आहे. उकळत्यासारखे पाणी लांब लाकडी पन्हळींतून सोडले जाते. वाहता वाहता ते थोडे निवते आणि तळाला गंधकाचा पिवळसर गाळ साचतो. तरीही ते अंगावर घेण्याजोगे होत नाही. थंड पाणी घातले तर गुण पातळ होतो, म्हणून पुरुषभर उंचीच्या लाकडी फळ्यांनी पाणी उलथेपालथे करून त्याची धग काढण्याची रीत तिथे पडली. बायका ओळीने उभ्या राहून, गाणे म्हणत, एका ठेक्यात फळ्या फिरवतात. आज तो पर्यटकांसाठी खेळ म्हणून दाखवला जातो, पण मूळ काम गरजेचे होते. जुन्या पद्धतीच्या स्नानात 48 अंशांच्या पाण्यात सर्वांनी मिळून तीन मिनिटे बसायचे असे. त्याआधी डोक्यावर तीसेक वेळा गरम पाणी ओतून घ्यायचे, म्हणजे घेरी येत नाही. आणि स्नानाचा प्रमुख वेळ पुकारी, त्याला सगळे एका आवाजात ओ देत. जर्मन वैद्य एर्विन बेल्झ 1876 साली जपानला आले आणि टोकियोत वैद्यक शिकवू लागले; कुसात्सूच्या पाण्याचे आणि हवेचे महत्त्व त्यांनी युरोपापर्यंत पोचवले.

कागदाच्या जवळच बहुधा आणखी एक छोटी सूचना असते, आणि तिच्यामागे एक अप्रिय प्रकरण आहे. 2004 साली नागानो प्रांतातल्या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका ठिकाणी, पाण्याचा रंग उतरल्यावर त्यात दुकानात मिळणारी स्नानाची पूड मिसळली जात असल्याचे उघड झाले. एकाचे उघड होताच इतर ठिकाणचेही प्रकार बाहेर आले आणि देशभर संताप झाला. त्यानंतर 2005 मध्ये नियम आला: पाण्यात दुसरे पाणी घातले आहे का, ते तापवले आहे का, तेच पाणी गाळून पुन्हा फिरवले जाते का, आणि जंतुनाशक किंवा इतर काही मिसळले आहे का, हे चारही मुद्दे आणि त्यांची कारणे ग्राहकाला दिसतील अशी लावलीच पाहिजेत. पुढे 2007 मध्ये दर दहा वर्षांनी पाण्याची तपासणी नव्याने करणेही बंधनकारक झाले, कारण जमिनीखालचे पाणी कायम एकसारखे राहत नाही.

या चार मुद्द्यांमुळे 'गेन्सेन काकेनागाशी' या शब्दाला भाव आला. उगमाचे पाणी कुंडात सतत पडत राहते, जितके पडते तितके काठावरून वाहून जाते आणि एकदा वापरलेले पाणी परत येत नाही, असा त्याचा अर्थ. जाणकार मंडळी असेच ओनसेन शोधतात, आणि मलाही ते आवडते. मात्र फिरते पाणी म्हणजे फसवणूक, असा जो सूर अनेकदा लावला जातो तो मला अन्यायाचा वाटतो. ज्या गावात उगम लहान आणि पाहुणे पुष्कळ आहेत, तिथे पाणी पुन्हा वापरल्याशिवाय इलाज नसतो, आणि ते वापरायचे तर क्लोरीन घालावेच लागते. 2002 साली मियाझाकी प्रांतातील ह्युगा येथे नव्यानेच सुरू झालेल्या, पाणी फिरवणाऱ्या स्नानगृहात लिजनेला जिवाणूंची लागण होऊन सात माणसे दगावली. क्लोरीनचा वास नकोसा वाटला, तरी तो कशासाठी आहे हे आठवले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न: याने बरे वाटते का, आणि कशाने? इझुमो प्रांताच्या आठव्या शतकातल्या सरकारी वृत्तांतात तामात्सुकुरीच्या झऱ्याविषयी लिहिले आहे, की तिथे एकदा न्हाले तर रूप उजळते आणि पुन्हा न्हाले तर सर्व व्याधी जातात. आजचे जपानी वैद्यक इतके मोठे बोलत नाही. गरम पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात. मानेपर्यंत पाण्यात बसले की शरीराचे वजन जवळजवळ एक दशांश भासते, त्यामुळे गुडघ्यांना आणि कमरेला विसावा मिळतो. बाहेर आल्यावर शरीर हळूहळू निवत जाते आणि झोप लागायला मदत होते. हे घरच्या गरम पाण्यानेही काही अंशी होते. क्षारांचा परिणाम त्यावर भर घालतो. तिसरी गोष्ट जपानी वैद्य आवर्जून सांगतात, ती जागापालटाची: रोजची कामे, रोजची माणसे आणि रोजची हवा सुटली, याचाही गुण येतो.

म्हणूनच ओनसेनचा खरा जुना उपयोग एका रात्रीचा नव्हता. 'तोजी' म्हणजे पाण्याचा उपचार, आणि तो सात दिवसांच्या फेरीने मोजला जाई. तीन फेऱ्या, म्हणजे एकवीस दिवस, पूर्ण मानल्या जात. ईशान्य जपानमधील शेतकरी कापणी उरकली की तांदूळ, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) आणि लोणची बांधून घेऊन डोंगरातल्या साध्या धर्मशाळेवजा घरात जात, स्वतःचे स्वतः रांधत आणि दिवसातून दोन-तीन वेळा पाण्यात बसत. आओमोरी प्रांतातील सुकायू येथे तशी सोय आजही आहे. 1954 साली सरकारने विश्रांतीसाठी उत्तम अशी ठिकाणे अधिकृतपणे निवडायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या नावांमध्ये सुकायू होते. आजच्या महागड्या सरायांत संध्याकाळी पोचून, बारा पदार्थांचे जेवण जेवून, सकाळी दहाला निघणाऱ्या पाहुण्याला आनंद मिळतो. त्याला तोजी म्हणता येणार नाही.

तोजी करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तिसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत कधीतरी अंग मोडून येते, भूक मंदावते, कधी अंगावर पुरळ उठते. याला 'यु-आतारी', म्हणजे पाणी बाधणे, असे म्हणतात. अशा वेळी स्नान कमी करायचे किंवा थांबवायचे. सुरुवातीला तीन ते दहा मिनिटे, दिवसातून एक-दोनदा; सवय झाल्यावर पंधरा-वीस मिनिटे; आधी आणि नंतर पाणी प्यायचे; नंतर अर्धा तास स्वस्थ बसायचे; दारू प्यायल्यावर किंवा जेवल्यावर लगेच उतरायचे नाही, अशी मार्गदर्शनपर पथ्ये भिंतीवर लिहिलेली असतात. कोणी उतरू नये याचीही यादी तिथेच असते: ताप असलेले, थोड्या श्रमाने धाप लागण्याइतका हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेले, तीव्र रक्तक्षय किंवा पोटात रक्तस्राव असलेले. गर्भवतींचा उल्लेख या यादीतून 2014 मध्ये काढला गेला, कारण त्यामागे ठोस पुरावा नव्हता. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि वृद्धांनी 42 अंशांहून गरम पाणी टाळावे. हिवाळ्यात गार खोलीतून एकदम गरम पाण्यात उतरल्याने रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो, आणि जपानमध्ये दर वर्षी काही हजार वृद्ध घरच्याच टबात बुडून मरतात, ही गोष्ट जाहिरातींत येत नाही म्हणून इथे लिहीत आहे.

राहिली रीत, आणि तिचे कारण समजले की ती आपोआप पाळली जाते. कुंडातले पाणी अंग धुण्यासाठी नाही, सर्वांनी मिळून बसण्यासाठी आहे. म्हणून आधी भिंतीलगतच्या बुटक्या पाटावर बसून, शेजारच्याच्या अंगावर शिंतोडे न उडवता, साबणाने स्वच्छ न्हायचे, साबण पूर्ण काढायचा, पाट आणि बादली विसळून जागेवर ठेवायची, मग उतरायचे. कपडे चालत नाहीत, कारण कपड्यांबरोबर मळ आणि साबण येतो. हातातला छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. घडी करून डोक्यावर ठेवायचा. बाहेर येताना त्याच पंचाने अंग निपटून मगच कपड्यांच्या खोलीत पाऊल टाकायचे, म्हणजे तिथली जमीन कोरडी राहते. गोंदण असलेल्यांना अजूनही अनेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही; जायच्या आधी विचारून घेतलेले बरे.

कुसात्सूला गेलात तर पाण्याच्या शेताभोवती फोटो काढून झाल्यावर गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडेही जा. माणसांचे त्वचारोग शमवणाऱ्या या आंबट पाण्यामुळे खालच्या नदीत मासा जगत नसे, शेतीला ते पाणी चालत नसे, पुलाचे काँक्रीट आणि लोखंड त्यात झिजत असे. 1964 पासून तिथे पाण्यात कालवलेली चुनखडीची पूड नदीत सोडून पाण्यातली आम्लता मारली जाते. टनावारी चुनखडी, दिवसरात्र, वर्षाचे सर्व दिवस. कारण वर झरा थांबत नाही. काठावर उभे राहिले की पांढरा ओघ निळसर पाण्यात मिसळताना दिसतो, आणि त्यातून तयार झालेला गाळ खालच्या धरणाच्या तळ्यात साचत राहतो, तिथून तो उपसून काढावा लागतो.